चाकांवरच्या घराची जमीन

१९ डिसेंबर १९५७

आणलं! घर आणलं. दामूअण्णांच्या बैलांनी देहूरोडहून ओढत आणलं. रस्त्याकडेची माणसं वरात बघावी तशी बघत होती. लष्कराच्या भंगारात पडलेली कुणा साहेबाची राहायची गाडी. दोन चाकं, तीन खिडक्या, आत ओटा, भिंतीत कपाट. ह्यांनी मला न विचारता घेतली. चांगलं रागवायचं ठरवलं होतं, पण खिडकी उघडून बाहेर पाहिलं आणि राग कुठे गेला कळलंच नाही. अण्णांनी त्यांच्या रानाच्या कडेला लिंबाखाली जागा दिलीय, ह्यांची कंपनी तिथून चालत जाण्याएवढी. सुटले एकदाची जाऊबाईंच्या पडवीतून. आणि शकू! आता माझी लेक सासूबाईंकडून आणता येईल.

२२ डिसेंबर

ह्यांची सुट्टी. जमिनीवरचं साहेबी मेणकापड उचकटलं. खाली फळ्या कसल्या, नुसता भुसा. खिडकीतून पाणी झिरपून कापडाखाली गेलं, ते बाहेर पडायला वाटच नाही, कुजणार नाही तर काय. हे "बघू, बघू" म्हणत आत शिरले आणि मांडीपर्यंत खाली गेले. वर हे, खाली एक पाय, आणि त्या पायाभोवती अण्णांच्या कोंबड्या जमलेल्या. हसून हसून पोट दुखलं. मग एकाएकी रडू आलं. हौसेला मोल नाही म्हणतात, पण हौसेला जमीन तरी हवी की नको?

अण्णांनी खालून वाकून पाहिलं. "लोखंडी सांगाडा हाय त्यो, त्येला काय बी झालं न्हाई. फळ्या बदला. रडताय कशापायी?"

२४ डिसेंबर

जामखेडहून सासूबाईंचा निरोप. संक्रांतीला शकूला घेऊन येतात. घर घरासारखं असलं तर ठेवून जातील, नाही तर सोबत परत नेतील. चाकांच्या घराचं त्यांच्या कानावर गेलेलं दिसतंय. त्यांचं तरी काय चुकलं? पडवीत पाय पसरायला जागा नव्हती म्हणून मीच पोर त्यांच्याकडे ठेवली. चौथं सरलं तिचं. मागच्या खेपेला मला बघून त्यांच्या पदराआड लपली. ते आठवलं की...

जमीन झालीच पाहिजे.

२९ डिसें.

फळ्या मिळाल्या! कंपनीत परदेशी यंत्रं येतात त्या खोक्यांच्या. ह्यांनी मुकादमाला गाठलं, अण्णांनी बैलगाडी दिली. काय लाकूड! गोरंपान, वासाला गोड. एका फळीवर इंग्रजीत काळी अक्षरं, शेजारी छत्रीचं चित्र. ह्यांनी वाचलं, 'कोरडे ठेवा'. ही फळी दाराशी लावायची, अक्षरं वर, असं ठरलं.

दिवसभर सांगाड्याचा गंज खरवडला. हात लाल, नखं काळी. मजा आली.

३ जाने. १९५८

घोटाळा. ह्यांनी सुतळीने माप घेतलं, सुतळी रात्री बाहेरच राहिली. दवात भिजली, आखडली, आणि सकाळी त्या मापाने मी फळ्या कापल्या. सगळ्या दोन बोटं आखूड. "तुमची सुतळी", "तुझी करवत", असं बराच वेळ. शेवटी भिंतीकडेने एक अरुंद पट्टी ठोकली. आता ती मुद्दाम केल्यासारखी दिसते.

फळ्यांमध्ये फटी ठेवल्या, वारा खेळायला. मेणकापड पुन्हा घालायचं नाही.

९ जाने.

झाली! शेवटचा खिळा मी मारला. वरून जवसाचं तेल दोन हात. मी अनवाणी नाचले, अगदी खरं, दार लावून. हे शिट्टी वाजवत होते. जमीन करकरली नाही. उन्हात सोन्यासारखी दिसते.

१३ जाने.

आल्या. शकू दारात थबकली, मग छत्रीच्या चित्रावर उभी राहिली आणि हलेचना. सासूबाई पायरीवर बसून राहिल्या. आत आल्या, खाली वाकून फळीवर हात फिरवला. बोटं नाकाशी नेली, पदराला पुसली. माझा जीव टांगणीला.

१५ जाने.

काय लिहू. सकाळी शकूला घेऊन विहिरीवर गेले होते. परत येते तो सबंध जमीन हिरवीगार, ओली. सा. बा. कमरेला पदर खोचून दारापर्यंत सारवत आलेल्या! अण्णांच्या गोठ्यातलं शेण. तेलावर धरत नव्हतं म्हणून त्यात पांढरी माती कालवलेली. माझ्या हातातली कळशी कलंडली.

"उघड्या लाकडावर लेकराला कसं निजवावं गं?" त्या म्हणाल्या. "आता बघ. आता घर वाटतंय."

'कोरडे ठेवा' दिसेनासं झालं. मी कळशी उचलून ठेवली. हे शिफ्टवरून आले, दारात वाकून छत्री शोधू लागले. नंतर विहिरीपाशी मला म्हणाले, आई गेली की खुरप्याने सगळं काढतो. मी म्हटलं, शकूचं ठरेपर्यंत हात लावायचा नाही.

१७ जाने.

गाडीखाली शिरून पाहिलं. फटींतून ओल उतरलीय. वारा आहे, तरी दर आठवड्याला असं सारवलं तर फळ्या किती तगणार? शकूही सरपटत माझ्यामागे आली. "आई, आपलं घर खालून गळतं का गं?"

आपलं म्हणाली. तिथेच चिखलात तिला कुशीत घेतलं. नाही लपली.

१८ जाने.

उद्या सकाळी सा. बा. निघणार. त्यांचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलंय. शकूचे झगे अजून दोरीवर. मी काढले नाहीत, त्यांनीही काढले नाहीत. संध्याकाळी अण्णांच्या मंडळींना सांगताना ऐकलं, शुक्रवारच्या शुक्रवारी हिला पाटीभर शेण देत जा. म्हणजे काय समजायचं? विचारायला दोनदा गेले, दोनदा तशीच परत आले. विचारलं आणि त्या नाही म्हणाल्या तर...

ह्यांनी मघाशी खुरपं मागितलं. सापडत नाही म्हटलं. माझ्या अंथरुणाखाली आहे. फळ्यांचं काय, खोकी येतच असतात.