सूर्य गेला की शेजारी

जुन्नर,
संवत्सरीच्या पारण्याचा दिवस, २००४

प्रिय पीयूष,

अनेक आशीर्वाद. दुकानाच्या फोनवर तू पप्पांना म्हणालास म्हणे, की आईनं माझा नवा सिनेमा पाहिलाय का, आणि दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस झालाय का, तेवढं तिला विचारून सांगा. पप्पांनी मला निरोप दिला आणि लगेच गिऱ्हाईक नसताना तागा उलगडायला घेतला, म्हणजे उत्तर काय येणार याची त्यांना कल्पना होती. सहा वर्षं तू या घरात पाऊल ठेवलं नाहीस, मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि इतक्या वर्षांनी विचारलंस काय, तर 'जावई पुन्हा टाकीत' कसा वाटला. तर ऐक. पाहिला. भिकार आहे.

इथल्या टॉकीजात गेले असते तर पेठेत बोभाटा झाला असता, म्हणून मंचरला जाऊन पाहिला. पर्युषणाच्या आधीच, ते दिवस मी असल्या गोष्टींनी विटाळत नाही. महाळुंगे पडवळच्या सरूबाईला बरोबर घेतलं. तीच, जिच्या घरी लग्नाचा बस्ता तीन पिढ्या आपल्याकडून जातो आणि जी दर वेळी पिशवी भरून शेंगा आणते. पप्पांना सांगितलं, सरूबाईकडे पापड लाटायला चालले. खोटं बोलले, त्याचं प्रायश्चित्त घेतलं आहे. आता तुझ्या सिनेमासाठी मला प्रायश्चित्त घ्यावं लागलं, यावरून तू काय ते समज.

पहिल्या भागात जावई एका टाकीत पडतो. दुसऱ्यात तीन टाक्या आहेत, आणि तो तिन्हींत पडतो. पहिल्यात त्याच्या मागं सासरा लागला होता, दुसऱ्यात सासरा, एक दारोगा आणि एक कुत्रं लागतं. त्यातलं कुत्रं बरं काम करतं. पहिला सिनेमा एका चाळीत घडला, दुसरा लोणावळ्याच्या बंगल्यात घडतो, का, तर पैसा आला. भाजीत पाणी ओतलं की पातेलं भरतं, भाजी वाढत नाही, हे तुला मी शिकवायला पाहिजे का? एका दांडग्या माणसाला साडी नेसवून अर्धा तास नाचवलाय. त्यालाही लाज वाटत होती, सारखा पदर डोक्यावर घेत होता. तुमच्या जाहिरातीत लिहिलंय, पहिल्यापेक्षा दुप्पट हसाल. टॉकीजात सगळे मिळून तीसेक जण असतील. त्यातले दोन झोपले होते आणि एकाला उचकी लागली होती, हसणं म्हणून तेवढंच.

वापरलेल्या चहापत्तीला मी पुन्हा उकळी देते हे सगळ्या पेठेला ठाऊक आहे, तुझ्या कृपेनं सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झालं. पण ते दुसऱ्या उकळीचं पाणी मी स्वतः पिते, पाहुण्याच्या पुढं ठेवत नाही. तुम्ही तेच पाणी चांदीच्या कपात घालून लोकांना पाजलंत. कंजूष कोण, ते तूच ठरव.

आता काकीचं, पहिल्या भागात तू माझ्यावरून बेतलेल्या त्या कंजूष बाईचं. मध्यंतरापर्यंत मी वाट पाहिली. मग जावई भिंतीवर आपटतो आणि तसबीर खाली पडते, ती गुलाबकाकीची. हार घातलेली. एक पात्र म्हणतं, काकी असत्या तर, आणि दुसरं म्हणतं, जाऊ दे, आणि पुन्हा सगळे टाकीकडे पळतात. एवढ्यात तू तिला निकालात काढलीस. सरूबाई पहिल्या भागाला इतकी हसली होती की तिच्या नाकातली चमकी पडली होती, ती खुर्चीखाली शोधायला लागली. या वेळी ती पडद्याकडे बघेना, माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "भाबी, तुमी न्हाई यात. मंग बघायचं काय?"

मी तिला गप्प केलं. पण परतीच्या एसटीत घोडेगाव येईपर्यंत मला तेच ऐकू येत होतं. म्हणून तुला जे कधी सांगितलं नाही ते सांगते.

त्या पहिल्या सिनेमात लोक सगळ्यांत जास्त ज्या वाक्याला हसले, ते तू माझ्या तोंडून उचललंस. दिवेलागणीला दारात कुणी आलं की काकी म्हणते, "सूर्य आहे तोवर पाहुणा, सूर्य गेला की शेजारी." पुढं सहा महिने मला पेठेत चालणं मुश्कील झालं. कंडक्टर तिकीट देताना म्हणायचा, लंकाबाई भाजीच्या पाट्या झाकताना म्हणायची, काकू आता आमी शेजारी. तू सिनेमा लिहिलास, पेढे घेऊन आलास, मला पहिल्या दिवशी नेलंस. मी घरी येऊन तुला म्हणाले, "माझं बोलणं बाजारात विकलंस. आता तुझं तोंड मला दाखवू नको, आणि तुझ्या सिनेमात मला दाखवू नको." तू वादसुद्धा घातला नाहीस. पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवलास आणि गेलास. दोन्ही गोष्टी शब्दाला शब्द पाळल्यास. लहानपणी सांगितलेली दहा कामं विसरायचास, हीच बरी लक्षात राहिली.

सगळ्यांना वाटलं, कंजूष म्हटल्याचा बाईला राग आला. कंजूष तर मी आहे. काटकसरीची मला कधी लाज वाटली नाही. पण ते वाक्य माझं नाही, पीयूष. ते तुझ्या आजीचं.

माझं लग्न होऊन चार महिने झाले होते. पहिल्या दिवाळीला मला न्यायचं म्हणून माझे वडील घोडेगावहून आले. गाडी वाटेत बंद पडली होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं. ते दारात आले तेव्हा सूर्य शिवनेरीमागं गेला होता. चौविहार आपल्या घरात किती कडक, सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही, ते तू जाणतोस. सासूबाईंनी चूल सारवायला घेतली होती. त्यांनी हसत हसत ते वाक्य म्हटलं. वाईट मनानं नव्हे, त्यांना तसं बोलायची सवय होती. आणि माझे वडील हसले. उंबऱ्याच्या बाहेर, हातात मिठाईची पुडी, ओशाळून हसले आणि म्हणाले, बरोबर आहे, बरोबर आहे. रात्री दुकानात तक्क्याला टेकून झोपले, पहाटेच्या गाडीनं मला घेऊन निघाले. नंतर ते आमच्याकडे आले ते सकाळीच.

आता यातली खरी गोष्ट. आपल्या पेठेतून सूर्य किल्ल्यामागं जातो तो लवकर जातो. खरा सूर्यास्त पुढं वीस-पंचवीस मिनिटांनी असतो. सासूबाई किल्ला बघून चालायच्या, पंचांग बघून नव्हे. पंचांग माझ्या डोक्याशी खिळ्याला लटकत होतं, मी मॅट्रिक झालेली, मला वाचता येत होतं. मी वाचलं. वेळ होती. दोन भाकरी आणि तांब्याभर पाणी सहज झालं असतं. मी बोलले नाही. नवी सून, सासूला पंचांग दाखवणार कशी. वडिलांना ते कधी कळलं नाही. मला रोज कळतं, रोज सूर्य किल्ल्यामागं गेला की.

सासूबाई गेल्यावर तेच वाक्य मी म्हणू लागले. हसून म्हणायचे. दुसऱ्या कुणी म्हणण्याआधी आपणच म्हटलं की ते बोथट होईल असं वाटायचं. बरंचसं झालंही होतं. तुला वाटलं, आईची गंमत आहे. तुझी काय चूक, तू ऐकलंस ते लिहिलंस. पण सिनेमात काकी ते म्हणाली, आणि दारातला तो पाहुणा, कोण नट होता ठाऊक नाही, ओशाळून हसला. हुबेहूब. आणि सगळं टॉकीज हसलं. माझ्या शेजारी तू हसत होतास. मग मी घरी येऊन तुला जे बोलले ते खरं तर मला स्वतःला बोलायचं होतं. ते अठ्ठावीस वर्षं उशिरा आणि चुकीच्या माणसाला बोलले.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस होऊ शकतो का, ते मला ठाऊक नाही, मी सिनेमे दोनच पाहिलेत, दोन्ही तुझे, आणि आणखी पाहायची ताकद नाही. पहिलाही मूर्खपणाच होता. पण त्यात एक बाई खरी होती, आणि एक माणूस दारात खरा उभा होता. दुसऱ्यात तू माझं ऐकलंस आणि खरं सगळं काढून टाकलंस, मागं उरल्या त्या टाक्या. आईचं इतकं ऐकू नये.

काल जैन स्थानकात प्रतिक्रमण झालं. चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची क्षमा मागितली. पाण्यातल्या जीवांची, निसलेल्या डाळीतल्या किड्यांची, गेल्या वर्षी पायाखाली आलेल्या गोगलगायीची. साध्वी महासतीजी म्हणाल्या, संवत्सरी ओलांडून राग पुढं नेला तर तो जन्मोजन्मी सुटत नाही. मी खाली मान घालून बसले होते. कारण गोगलगायीची मागितली, आणि मुंबईत राहणारा एक जीव दर वर्षी वगळत आले. सहा संवत्सऱ्या. तू मात्र दर वर्षी क्षमापनेचं छापील कार्ड पप्पांच्या नावानं पाठवलंस, खाली तुझ्या अक्षरात 'आईलाही' लिहून. सहाही मी ठेवलीत. कुठं ते सांगत नाही.

उपवास सोडला, मुगाचं पाणी प्यायले, आणि हे लिहायला बसले. छापील कार्डं सगळ्यांना गेली, तुला नको म्हटलं. मिच्छामि दुक्कडम्, पीयूष. मनानं, बोलण्यानं, आणि त्या दिवशी पंचांग वाचून गप्प बसल्यानं. शेवटचं माझ्या वडिलांना सांगायचं होतं, ते नाहीत, म्हणून तुला. आता घरी ये. मुंबईची गाडी माळशेजात धुक्यात अडकते, उजेडी पोचत नाही, मला ठाऊक आहे. सूर्य किल्ल्यामागं गेला असला, पंचांगातूनही गेला असला, तरी दुकानात थांबू नको, थेट वर ये. ताट झाकून ठेवीन. माझा चौविहार असेल, मी जेवणार नाही, पण तुझं होईपर्यंत समोर बसेन. आणि सिनेमाबद्दल तेव्हा बोलू नको, तुझी भाकरी कडू करायची माझी इच्छा नाही.

तुझीच,
भिंतीवरच्या हारातून बाहेर आलेली
आई