आबाजी हरवले त्या दुपारी

प्रिय बाबा,

सप्रेम जयभीम.

फोन न करता पत्र कशाला, असं वाटलं असेल. मागच्या रविवारी मी उमरेडला आले तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होता. जागे होता, मला कळत होतं. आई म्हणाली, ‘‘पोरगी आली जी, पाहा तं खरं.’’ तुम्ही हलला नाहीत. मी खुर्चीवर बसून राहिले आणि उठून बसस्टँडवर आले. येताना बसमध्ये ठरवलं की लिहायचं. हे पाकीट प्रशिक तुमच्या उशाशी ठेवेल आणि खोलीबाहेर जाईल, तसं मी भावाकडून कबूल करून घेतलंय. हाती आलेला कागद वाचल्याशिवाय बाजूला ठेवणं तुम्हाला कधी जमलेलं नाही, त्या भरवशावर लिहितेय.

त्या दुपारी नागपुरात, सदर बाजारात काय झालं ते अर्धं तुम्हाला माहीत आहे आणि अर्धं मला. तुमच्याकडचं अर्धं मला तुमच्या नातीनं, पायलनं सांगितलं. माझ्याकडचं तुम्ही ऐकलंच नाहीत.

पण आधी थोडं मागचं. पायलला आम्ही शाळेतून काढलं तेव्हा तुम्ही नारी रोडच्या आमच्या घरात उभ्यानंच बोलला होता. रागावलात की तुमची हेडमास्तरांची मराठी सुटते आणि उमरेडची येते. ‘‘आपल्या लोकायले शाळेत शिरायले पिढ्या गेल्या, अन् तू पोरीले बाहेर काढून राहिली? काहून?’’ मग तुम्ही तुमच्या वडिलांचं, धोंडबा आबांचं सांगितलंत. तुम्हाला वर्गात बसवतात की व्हरांड्यात, हे बघायला ते रेल्वेच्या गँगमधलं काम बुडवून शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहायचे. बाबा, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्या फाटकाचा मान मला नाही असं समजू नका. मी तुमचीच मुलगी आहे, शाळेतच वाढले.

पण माझ्या मुलीला त्याच फाटकाच्या आत घशातून आवाज निघत नव्हता. घरी बडबड, जिन्यापर्यंत बडबड, आणि शाळेची बस दिसली की तोंड बंद. बालवाडीपासून तसंच. दुसरीत बाईंनी तिला बाकावर उभं केलं. कविता म्हटल्याशिवाय खाली बसायचं नाही म्हणाल्या. ती मधल्या सुट्टीपर्यंत उभी राहिली आणि तिथंच तिचे कपडे ओले झाले. सगळा वर्ग हसला. त्यानंतर ती घरीही कुजबुजायला लागली. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी आम्हाला समजावलं की हा हट्ट नाही, भीती आहे. भीतीनं गळा आवळतो आणि ओढून काढायला गेलं की अजून आवळतो. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘‘डॉक्टर लोकायचं काय, रोज नवं नाव काढतेत.’’

घरी शिकवणं सोपं आहे असंही मी कधी म्हटलं नाही. सकाळी सुशील मिहानच्या कंपनीत कामावर गेला की आम्ही दोघी स्वयंपाकघरातच बसतो. कधी ती पोळ्यांचे भाग करत अपूर्णांक शिकते आणि मला वाटतं, जमतंय. कधी गुणाकारावरून असं भांडण होतं की मी गॅलरीत जाऊन उभी राहते. शेजारच्या काकू विचारतात, ‘‘काहून वं भावना, पोरगी आजही घरीच?’’ रोज विचारतात. संध्याकाळी मला भीती वाटते की मी तिचं नुकसान तर करत नाहीये ना. हे तुम्हाला सांगायची सोय नव्हती, कारण तुम्ही लगेच म्हणाला असतात, मग घाल ना परत.

असो. जूनमध्ये तुम्ही आलात, चहा घेतलात, आणि म्हणालात, ‘‘नातीला सदरला आइस्क्रीम खाऊ घालून आणतो.’’ मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू! तुमचा राग गेला असं वाटलं. पायलनं निळा फ्रॉक घातला. तुम्ही ऑटोत बसताना तिनं तुमचं बोट धरलेलं मी वरून पाहिलं.

नंतर तुमचा फोन आला. तुम्ही एवढंच विचारलंत, ‘‘पायल तुझ्याकडे आली का?’’

बाबा, त्या वाक्यानंतर मी काय काय विचारलं आठवत नाही. शाळा, ऑफिस, ‘‘आत्ता तर इथंच होती’’, एवढं कानावर पडलं. आइस्क्रीम नव्हतंच, तुम्ही तिला सदरच्या शाळेत नाव घालायला नेलं होतं. मी स्कूटर काढली. ऊन असं होतं की हँडल धरवत नव्हतं. सुशीलला फोन केला, तो तिकडून निघाला, पण मिहान ते सदर म्हणजे अख्खं नागपूर ओलांडायचं. कामठी रोडवर प्रत्येक निळ्या कपड्याकडे माझी मान वळत होती. बाकीच्यांची मुलं हरवली तर कोणीतरी विचारतं, बाळ, नाव काय तुझं, आणि मूल नाव सांगतं. माझी पोर नाव सांगणार नव्हती. कोणी प्रेमानं विचारलं तरी नाही, पोलिसानं विचारलं तरी नाही. ती नुसती बघत राहणार, आणि माणसं पुढं निघून जाणार. किंवा कोणी पुढं जाणार नाही, हात धरून घेऊन जाईल, आणि ती ओरडणारसुद्धा नाही. हे एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

शाळेच्या फाटकाशी तुम्ही नव्हता. वॉचमन म्हणाला, ‘‘मास्तर तिकडे गेले पाहत पाहत.’’ मी दुकानांत शिरले, रसवंतीवर विचारलं, फोटो दाखवला. एका दुकानदारानं मलाच दटावलं, लहान लेकरू एकटं सोडता कसं म्हणून. पोलीस ठाण्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि फोन वाजला. अनोळखी नंबर होता. बाईचा आवाज आला, ‘‘पायलची आई का जी? घाबरू नका. ती माझ्यापाशी बसली हाय.’’ नाव! त्या बाईला तिचं नाव माहीत होतं! आणि मग फोनवर पायलच, स्पष्ट आवाजात, ‘‘आई, आबाजी सापडले का?’’

सिंधूताई त्यांचं नाव. एका मोठ्या दुकानाच्या मागं गाड्यांच्या पार्किंगच्या चिठ्ठ्या फाडतात. मी पोहोचले तेव्हा पायल त्यांच्या स्टुलावर बसून पाणी पीत होती. तुम्ही ऐकलं नाहीत ते हे की पायल शाळेला घाबरून पळाली नव्हती. ऑफिसमधल्या बाईंनी तिला दोनदा नाव विचारलं, तिसऱ्यांदा टेबलावर पेन आपटून विचारलं. मग त्या तुम्हाला म्हणाल्या, ‘‘हिच्या डोक्यात काही कमी आहे का? तुम्ही स्वतः मास्तर, तुम्हाला समजायला नको?’’ आणि तुम्ही हात जोडलेत. म्हणालात, ‘‘एक वेळ पाहून घ्या मॅडम.’’ ते जोडलेले हात तिला बघवेनात. रात्री माझ्या कुशीत ती म्हणाली, ‘‘मी बोलले असते तर त्यांनी आबाजींना रागावलं नसतं. मला येतच नव्हतं. म्हणून मी बाहेर गेले. मी नसले की त्या थांबतील.’’

बाहेर येऊन ती चुकीच्या फाटकानं निघाली आणि गल्ल्यांत हरवली. सिंधूताईंनी तिला भिंतीशी उभी पाहिली. त्यांनी एकदा विचारलं, ती बोलली नाही, तर त्यांनी स्टूल पुढं केलं आणि स्वतः गाड्यांमागं लागल्या. पुन्हा विचारलं नाही. मला म्हणाल्या, ‘‘मले वाटलं, दम खाऊ द्या लेकराले.’’ बऱ्याच वेळानं पायलच त्यांच्या पदराला धरून म्हणाली, ‘‘माझे आबाजी हरवले. त्यांनी पांढरा सदरा घातलाय. त्यांना एकट्यानं रस्ता ओलांडता येत नाही.’’ मग नाव सांगितलं. मग माझा नंबर.

बाबा, घराबाहेरच्या माणसाशी ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली, आणि ते तुमच्यासाठी.

मी तिथूनच तुम्हाला फोन केला. ‘‘सापडली,’’ म्हटलं. तुम्ही ‘‘बरं’’ म्हणालात आणि फोन ठेवलात. मला वाटलं, याल. तुम्ही सरळ उमरेडची बस धरलीत. मीही मग फोन केला नाही. मला न विचारता तुम्ही तिला तिथं नेलंत, याचा राग होता. अजून आहे. तो मी लपवणार नाही.

त्यानंतर पंधरवडाही गेला नसेल, प्रशिकचा फोन आला, तुम्हाला पक्षाघाताचा झटका आला म्हणून, आणि रामदासपेठेतल्या दवाखान्यात तुम्हाला आणलं ते स्ट्रेचरवरून. हात वाचला, पाय वाचला, समज सगळी शाबूत. जीभ तेवढी जड झाली. चाळीस मुलांचा वर्ग एका हाकेत शांत करणारे तुम्ही, तुमच्या तोंडून ‘पाणी’ नीट येईना. नर्सला कळलं नाही, तिनं तीनदा विचारलं, आणि तुम्ही तोंड फिरवलंत. तेव्हापासून फिरवलेलंच आहे. डॉक्टर सांगतात, रोज सराव केला तर बोलणं पुष्कळ सुधारेल. बोलण्याचा सराव करून घ्यायला येणाऱ्या मुलीला तुम्ही हातानंच परत पाठवता. आई रडते, प्रशिक ‘बोला ना बाबा, बोला ना’ करतो, आणि तुम्ही अधिकच मिटत जाता.

पायलला मी काही सांगितलं नव्हतं. परवा तिनं विचारलंच, आबाजी काहून बोलत नाहीत? मी खरं ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘सगळे एकदम विचारत असतील. आपण जाऊन राहू या.’’ म्हणून हे पत्र. सोमवारी आम्ही दोघी येतोय, तिची पुस्तकं घेऊन, चांगल्या महिनाभरासाठी. आमची शाळा कुठंही भरते, तशी तुमच्या खोलीत भरेल. ती वाचेल, तुम्ही ऐका. चुकली तर बोट दाखवा. तुम्हाला ‘बोला’ म्हणायचं नाही, असं तिनं आम्हा सगळ्यांकडून वदवून घेतलंय. फक्त दार लावून घेऊ नका. आणि बाबा, तिच्या शाळेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. मी माघार घेतलेली नाही, कदाचित तुम्हीही नाही. ते भांडण मला तुमच्याशीच भांडायचंय, तोंडानं, मोठ्या आवाजात. सावकाश का होईना.

तुमचीच,
भावना