पगडीचं दुसरं टोक

प्रिय लखवीर,

आधी तक्रार ऐक. तुझी बायको, ही रमनीत, माझं ऐकत नाही. धुकं एवढं दाट, की गच्चीवरून आपलंच अंगण दिसत नाही, शेजारच्या बंद घरावरची ती विमानाच्या आकाराची पाण्याची टाकीसुद्धा नाहीशी झालीये, आणि ही बाई सकाळी उठून तुझी घरी राहिलेली निळी पगडी धुते नि वर घेऊन जाते. कपडा पडून राहिला तर कसर लागते म्हणे. चार वर्षं डोक्याला न लागलेल्या कपड्याचे एवढे लाड! मोहरीच्या पाल्याचं साग मात्र झकास करायला लागलीये. तुझ्या वाटणीचं लोणी मीच खाते.

रमनीतचा भाऊ परत येऊन गेला. तिच्यासाठी लुधियान्याचं स्थळ आणलंय, माणूस सरळ आहे म्हणाला. तिने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, बेबे सांगतील तेव्हा. म्हणजे तू गेलास हे मी माझ्या तोंडाने कबूल करायचं, गुरुद्वारात तुझी अंतिम अरदास, शेवटची प्रार्थना, करायची, मग ती मोकळी. तोवर ना धड संसार, ना धड वैधव्य. तो माझ्याकडे बघत बसला, मी गुळाचा खडा चघळत बसले. मला तिची दया येत होती आणि रागही तिचाच येत होता.

आपल्या घरात प्रत्येक पिढीला एकदा निघावंच लागतं. तुझे पणजोबा लायलपूरला गेले, कालव्याच्या पाण्यावर रान फोडून शेती केली. सत्तेचाळीसला तुझे आजोबा, दारजी, तिथून जीव घेऊन उलटे निघाले. रावीला पूर होता. दारजींनी पगडी सोडली आणि घरातल्या सगळ्यांना ती धरून पाण्यात उतरवलं. पलीकडे पोचले तेव्हा शेवटच्या टोकाला कुणी नव्हतं. पाण्यात उतरताना तिथे त्यांची धाकटी बहीण होती. तेव्हापासून त्यांचा एकच हुकूम: समोरचा सांगत नाही तोवर धरलेलं टोक सोडायचं नाही. रोज सकाळी तुझ्या पगडीची पूणी करताना एका टोकाला तू, दुसऱ्याला मी, ओला कपडा ताणून घड्या घालायच्या, आणि दारजी खाटेवरून ओरडायचे, सोडू नको गं. तू मुद्दाम दोन हिसके द्यायचास, मी धडपडायचे नि तुला मेल्या म्हणायचे. आता तो शब्द तोंडातून निघत नाही.

मग तुझी पाळी आली, तू चोरवाटेने समुद्रापार निघालास. कपूरथळ्याचा तो पोरगा आला होता, तुमच्या होडीतून वाचलेला. मान खाली घालून म्हणाला, "मावशी, होडी उलटली. लखवीर वीरजींनी पगडी सोडून टोक माझ्याकडे फेकलं. मी फळकुटापर्यंत आलो, तोवर त्यांचा हात सुटला." मी त्याला खोटारडा म्हटलं आणि दार दाखवलं. पाया पडून गेला बिचारा. प्रेत नाही, तर मरण कसलं, असं मी सगळ्या गावाला ऐकवलं.

परवा मी रमनीतच्या मागोमाग वर गेले. ती माझ्याकडे पाठ करून उभी, हातात एक टोक. पुढे कपडा धुक्यात सरळ ताणलेला. वाटलं, नळाला बांधला असेल. पण तिने घडी घातली तशी पलीकडूनही घडी पडली. मी खोकले. ती वळली आणि पांढरीफटक झाली. "बेबे, तुम्ही इथे? मग रोज तिकडून कोण धरतं?"

इतके दिवस तिला वाटत होतं, सासू न बोलता येते, धरते, जाते. मी तिच्या हातातून टोक घेतलं. दोन हिसके बसले. मी कपडा चाचपत चाचपत पुढे गेले. शेवटी कठडा, आणि त्यावर पडलेला पदर. त्याची किनार कडक झाली होती, पांढरी. मी जिभेला लावून पाहिली. खारट. आपल्या पंपाचं पाणी गोड आहे रे.

रमनीत म्हणाली, ते परत येतायत. मीही दोन दिवस तेच मनाशी धरून बसले. मग डोक्यात आलं, घरी यायचं असतं तर जिना तुझ्या पायाखालचा होता. तू कठड्यापाशीच का थांबशील? तुझी पगडी त्या पोराच्या हातात राहिली, लखवीर. तू उघड्या डोक्याने फिरतोयस. तू डोक्याला कपडा मागत होतास, आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या आमचं टोक घट्ट धरून बसलो होतो.

रविवारी तुझी अरदास आहे. रमनीतच्या भावाला निरोप गेलाय, त्या पोरालाही बोलावलंय. ती रडली, मग माझ्या मांडीवर झोपली. उद्याही धुकं पडेल. मी एकटीच वर येईन. हे पत्र पगडीच्या घडीत ठेवतेय. दारजींचा हुकूम मी मोडणार नाही, तू सांगितल्याशिवाय सोडणार नाही. नेहमीसारखे दोन हिसके दे. मग मी हात उघडते. डोकं झाकून जा, पोरा.

तुझीच,
बेबे