उरलेल्याचा दहावा भाग

रविवार, सकाळ

तीर्थरूप ताईस,
धाकटीचा नमस्कार. पाकिटावर तिकीट नाही म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस, त्याचं कारण पुढे येईलच.

मी मजेत आहे. तूही बरी असशील असं लिहिणार होते, पण ते राहू दे.

आपलं शिलाईचं दुकान सोडून मी व्हिडिओ गेम बनवायला शिकायला निघाले, तेव्हा तू म्हणालीस, "चाळिशीत खेळ सुचतायत! गणितात ढ होतीस, विसरलीस? जा, पण परत आलीस तर दार उघडणार नाही." मीही तोंडाला येईल ते बोलले. ढ अजूनही आहे गं. पण शाळेत त्रिकोणमितीतल्या ज्या साइननं मला रडवलं, तिच्यामुळेच माझी पडद्यावरची बाहुली नुसती उभी असतानाही श्वास घेते. छाती वर, खाली, पुन्हा वर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. एवढ्याशा सूत्रात हा जीव कुठून येतो?

मग तिला दारापर्यंत चालवायचं होतं. नियम सोपा: दर क्षणी उरलेल्या अंतराचा दहावा भाग चालायचं. आधी ती झपझप निघते, दार जवळ आलं की अगदी माणसासारखी बिचकत जाते. काय सुंदर दिसतं ते! पण ती दाराला नाक लावून उभी, आणि दार काही उघडेना. मी डोकं खाजवून दमले. क्लासचे सर आले, उरलेल्या अंतराचा आकडा बघून हसले.

"अहो, ही पोचलीच नाहीये. उरलेल्याचा दहावाच भाग चालणार, तर थोडं उरणारच की. कायमचं."

"मग काय करायचं हो?"

"पुरेशी जवळ आली की पोचली असं धरायचं. तसं आपणच ठरवावं लागतं."

मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं, ताई.

तुझ्या लेकानं फोन केला होता. उद्या तुझं ऑपरेशन आहे, आणि धाकटीला कळवू नको म्हणालीस. त्याला रागावू नकोस. मला भीती वाटतेय गं, फार. मिळेल ती गाडी धरली. स्टेशनवरून झपझप आले, तुझ्या गल्लीत हळू झाले, जिन्यात तर पाय उचलेना. तिथेच पायरीवर बसून हे लिहिलंय.

आता दाराखालून सरकवते. मी पायपुसण्यावर उभी आहे. हात बेलपर्यंत जातो आणि थांबतो.

पोचले असं तू धर.

तुझी,
दाराला नाक लावून उभी असलेली
धाकटी