पाय कुणाकडे करायचे?

१३ नोव्हेंबर १९३२, रविवार
चार मिनिटं! त्यानंतर उजवा पाय मेला. उठताना खुंटीला धरलं, तर खुंटीच हातात आली. अनसूयेनं आतून विचारलं, "झालं का ध्यान?" तोंडाला पदर लावून विचारलं असणार. चोवीस वर्षांत बायकोचं हसू आवाजावरून ओळखता येतं.
पद्मासन राहू दे, साधी मांडी घातली तरी गुडघे कानाशी येतात. कचेरीच्या खुर्चीनं पार लाकूड केलंय माझं.

१४ नोव्हेंबर
विरुपाक्षअप्पांना विचारलं. धान्याचे अडते, पण पहाटे पूजेला तासभर हलत नाहीत. म्हणाले, "गुडघ्याचं काय घेऊन बसलाव कारकूनसाहेब? राग जायला पायजे. पाय कसंबी ठेवा की!" यांना बोलायला काय, यांची मांडी लोण्याची.
राग जायला हवा हे मात्र खरं. त्यासाठीच हा खटाटोप. गणपतीत मालतीनं पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. सतरा वर्षांची पोर, सातवीची फायनल पास, मास्तरीण व्हायचं म्हणते. मी न वाचताच टराटरा फाडला आणि वर हात उगारला. मारलं नाही. पण उगारला. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते — शब्द नाही. दोन महिने होऊन गेले.

१७ नोव्हेंबर
खुर्चीवर बसून पाहिलं. डोळे मिटले की फायली दिसतात. बाजेवर बसलो, तर घोरलो — असं अनसूया म्हणते.

२० नोव्हेंबर, रविवार
एक पाय लांब सोडून बसलो, बायका जात्यावर बसतात तसा. काय सुख! दहा मिनिटं झाली असतील, एवढ्यात अनसूया किंचाळली — "अहो, देवाकडे पाय!" फिरलो. उत्तरेच्या भिंतीवर वडिलांची तसबीर. पश्चिमेला दार, म्हणजे येणाऱ्याच्या अंगावर पाय. राहिली दक्षिण. "तिकडे जिवंत माणूस करतो का पाय?"
या घरात माझ्या पायांना दिशाच उरली नाही! भडकलो. हाताशी वाटी होती, ती भिंतीवर आपटली. मालती उठून आत गेली.
ध्यानावरून संतापलो. शाबास.

२१ नोव्हेंबर
लाज वाटते.

२७ नोव्हेंबर, रविवार
मागच्या गल्लीत नरसय्या विणकराकडे धोतरजोडी आणायला गेलो. त्याचा माग जमिनीत. कमरेइतका खड्डा, विणणारा काठावर बसतो, पाय खाली, पायानं दाबायच्या पावड्यांवर. आज माग बंद होता. "बसा सार, आत्ता आणतो," म्हणून तो आत गेला. मी त्याच्याच जागेवर टेकलो, पाय खाली सोडले.
गुडघे गप्प. पाठ आपोआप ताठ. डोळे कधी मिटले कळलंच नाही. उघडले तेव्हा नरसय्या जोडी घेऊन समोर उभा, शेजारी त्याची बायको, तिच्या हातातला चहा गार झालेला.
"किती वेळ झाला?"
"लई झाला की सार. बसलेल्या माणसाला उठवायचं न्हाय, म्हणून आमी बोललो न्हाय."
आणि पाय कुणाकडेच नाहीत — थेट पाताळाकडे! तिथं आमचं कुणी नाही.

४ डिसेंबर, रविवार
खणला! सोप्यात, दाराशेजारी. अनसूया म्हणाली, "लोक म्हणतील, कारकुनाला गुप्तधन लागलं." सारवलेली जमीन उकरताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, हेही लिहून ठेवतो.
दुपारपर्यंत माझी कंबर गेली. मालती दारात उभी राहून पाहत होती. मग पुढे आली आणि मातीचं घमेलं उचलून परसात रिकामं करून आली. अशा अकरा खेपा. बोलली नाही.

१० डिसेंबर
आता अर्धा तास सहज बसतो. मन शांत होतं. आणि शांत झालं की तो उगारलेला हात दिसतो. अप्पांनी हे सांगितलं नव्हतं.

१६ डिसेंबर
पुण्याहून मागवलेला नवा अर्ज आला. सही केली. सोबत पानभर पत्र लिहिलं. वाचून पाहिलं, तर सगळा उपदेशच! फाडलं. (माझंच फाडलं, चालेल.) चिठ्ठीवर "चुकलो" एवढंच लिहून अर्जासकट मालतीच्या पुस्तकात ठेवली.

१७ डिसेंबर
ताट. पाणी. बाकी काही नाही.

१८ डिसेंबर, रविवार
सकाळी डोळे मिटून बसलो होतो. शेजारी पावलं थांबली.
"नाना, सरका जरा."
सरकलो. तीही पाय खाली सोडून बसली. खड्डा एकाच्याच मापाचा, गुडघ्याला गुडघा लागत होता.
ध्यान काही झालं नाही. रडू आलं. डोळे मिटलेलेच ठेवले.