वडिलांच्या वेळचा विस्तव

सणसर, ता. ९ डिसेंबर १९५४

राजश्री हिंदुराव पाहुणे यांस महिपतीचा रामराम. तुमची सून आणि बाळ सुखरूप असतील. तुमचे गुडघे कसे आहेत? (कळवले नाही तरी चालेल, गुडघ्यांचे नवे काही नसते.) इकडे बैल ठीक आहेत, ऊस ठीक आहे. माझे खाली लिहितो.

विस्तव विझला. आमच्या चुलीतला विस्तव वडिलांच्या वेळचा, कधी विझला नाही, घरात काड्याची पेटी शिरली नाही, असे मी गावाला तीस वर्षे ऐकवत आलो. तुम्हाला तर तुमच्या बहिणीशी माझे लग्न लागले तेव्हा मांडवातच ऐकवले होते. तुमच्या सुनेच्या बाळंतपणासाठी तुमच्याकडे निघताना ती बजावून गेली, "निखारा राखंत पुरा, वर गवरी ठिवा. सारखं उकरून बघू नगा." मी उकरून बघितले. तिसऱ्या सकाळी नुसती राख.

तेवढ्यात शेजारची प्रयागबाई खापर घेऊन विस्तव मागायला दारात. (अर्धी आळी आमच्याच चुलीवर पेटते.) मी म्हटले, अमावास्येला विस्तव देत नसतात. "अमुशा व्हऊन धा दिस झालं, तात्या," असे म्हणून ती रिकामे खापर घेऊन गेली. आता शेजारी मागायची सोय उरली नाही, आणि पेटी विकतो म्हणून दुकानदार जोतीरामला मीच इतकी वर्षे हिणवलेले. शेवटी वडिलांची चकमक काढली. ठिणगी कापसावर पडायची ती मिशीवर पडली. डावी मिशी अर्धी गेली, कापूस शाबूत आहे. मग ओढ्यापलीकडच्या गुऱ्हाळातून खापरात निखारा घेतला, तर वाटेत जो तो विचारी, "तात्या, विस्तव कुणाला द्यायला निघाला?" सगळ्यांना उत्तरे देत घरी पोहोचेपर्यंत त्याचा कोळसा झाला. तीन दिवस गूळ-शेंगदाण्यांवर आहे. फार थकलो, पाहुणे. तिने जन्मभर सांभाळलेले मी तीन दिवसांत घालवले, हे तिला सांगायचा धीर होत नाही. ती सोमवारी निघणार आहे, तरी आणखी आठ दिवस ठेवून घ्यावी.

आपला,
महिपती

ता. क. शेंगदाण्यांना मीठ शोधताना उतरंडीच्या तळच्या मडक्यात काड्याची पेटी सापडली. मोराचा छाप. खाली तसल्याच तीन रिकाम्या. हा छाप सणसरात मिळत नाही. दर भाऊबीजेला लुगड्याच्या घडीत तुम्ही काय घालून देत होता, ते आज कळले. राग यायला हवा होता, पण लाज वाटली. माझी बढाई खरी राहावी म्हणून ती बाई इतकी वर्षे माझ्याआधी उठत आली. मग चूल पेटवली. प्रयागबाई विस्तव घेऊन गेली. बहिणीला सोमवारीच पाठवावे.

आणखी ता. क. पेटीत सहा काड्या होत्या, मला पाच लागल्या. ती मोजून ठेवणारी आहे. तरी हे पत्र आणणाऱ्या गेणबाबरोबरच मोराच्या छापाची एक पेटी, आत सहाच काड्या ठेवून, पाठवावी. पत्र तिला वाचून दाखवू नये. मिशीचे काय सांगायचे ते मी बघतो. विस्तवाचे तिने विचारलेच तर सांगावे, ती पुरून गेली तोच आहे.