उघडी प्रार्थना

हसनाबाद, ४ डिसेंबर १९५७

नोकरी लागली! आणि कसली, तर बसून रेडिओ ऐकायची. कुंभार पिंपळगावला आमच्या काकासाहेबांना सांगितलं तर चपलेनं हाणतील, म्हणतील, कचऱ्या, पुन्हा थापा सुरू झाल्या तुझ्या. पण बिलकुल खरं आहे.

झालं असं की टेंभुर्णीला सिनेमाच्या तंबूत काम मिळतंय असं ऐकून गेल्तो. तंबू आधीच उठून गेल्ता, मैदानात नुसते खुंट्यांचे खड्डे. मंग गिरधारीलाल शेठच्या दुकानापुढं बसून डब्यांवरचं इंग्रजी मोठमोठ्यानं वाचत राह्यलो, उगंच, वेळ जात नव्हता म्हणून. शेठ वैतागले. म्हणाले, एवढी विलायत पोटात घेऊन हिंडतोस तर हसनाबादला जा, तिथं एक म्हातारा इंग्रजी कळणारा माणूस धुंडून राह्यला. त्यांच्याच सरकीच्या गाडीवर बसून आलो. रस्त्यात एका बैलाचं नाव सुलतान होतं अन् तो नावापरमाणंच चालायचा, पण ते राहू दे.

म्हातारा म्हणजे धर्मराजबाबा. जन्मभर एका पाद्रीसाहेबाच्या बंगल्यावर माळी होते. आता गावाबाहेर दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्याखाली गुलाबाचे वाफे. बायको उषाबाई. एकच लेक, शांतवन. तो शिकला, अन् पाद्रीसाहेब विलायतेला परत जाताना त्याला संग घेऊन गेले. तिकडं समुद्रात कुठल्याशा बेटावर ख्रिस्ती लोकांचं रेडिओ ठेसन आहे. तिथून साऱ्या दुनियेसाठी इंग्रजीत बायबल अन् प्रार्थना सोडतात. शांतवन तिथं वाचतो. पाद्रीसाहेबांनी जाताना आपला रेडिओ या दोघांना देऊन टाकला.

आता गंमत बघा. लेकाचा आवाज रोज घरात येतो अन् मायबापाला इंग्रजीचं अक्षर कळत न्हाई. म्हणून मी.

माझं इंग्रजी म्हणजे उर्दू शाळेत तिसरीपर्यंतचं, अन् पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादच्या छावणीत कँटीनवर बशा धुतल्या तेवढं. बाबांनी विचारलं, सगळं कळतं का? म्हणलं, सगळं.

६ डिसेंबर

जेवण झकास. माय (उषाबाईला मी मायच म्हणतो) ज्वारीची भाकरी अशी पातळ करते की खाणाऱ्यानं गावाचं नाव विसरावं. महिनाभर तरी हलत न्हाई मी इथून.

काम असं. उन्हं ओट्यावर आली की बाबा बॅटरीची तार जोडतात. आधी खरखर, मंग पेटीचं गाणं, मंग एक गोरा माणूस शांतवनचं नाव घेतो. नाव आलं की माय डोक्यावरचा पदर सारखा करते, जसा काही लेक दारातच आला. शांतवन वाचतो. शेवटी प्रार्थना करतो अन् थांबतो. त्या थांबण्यात दुनियेत जे कोणी ऐकत असतील त्यांनी आमेन म्हणायचं. मंग पुन्हा पेटी वाजते.

बाबांनी मला बसवून समजावलं. आमेन म्हणजे तोंडाला आलं म्हणून टाकलं असं न्हाई. तो अंगठा आहे. जे मागितलं ते मला कबूल, तसंच होवो. अन् आमेन म्हटल्याबिगर प्रार्थना उघडी राहते. उघड्या प्रार्थनेतून उठायचं न्हाई, घर पेटलं तरी. मी म्हणलं, पण मी तर तुमच्यातला न्हाई. बाबा म्हणाले, बसलास ना आमच्यात? मंग म्हण.

मला रुपयातलं चार आणे कळतं. बाकी मी भरतो. आज सांगितलं, शांतवन म्हणतो, आईच्या हातची अंबाडीची भाजी आठवते. असं कोणी रेडिओवर सांगतं का? पण मायचं तोंड बघायला पाहिजे होतं. बाबांनी आमेन एवढ्या जोरात म्हटलं की वाफ्यातल्या चिमण्या उडाल्या.

११ डिसेंबर

आज बाजारात कल्हईवाल्याशी गप्पा मारत बसलो. तो म्हणाला, माझ्या भट्टीचा भाता ओढ, तुला धंदा शिकवतो. मन झालं होतं. पण सकाळची एक गोष्ट डोक्यातून जात न्हाई.

प्रार्थना संपली अन् बाबांना खोकल्याची उबळ आली. खोकता खोकता डोळ्यांत पाणी. माय त्यांची पाठ चोळून राह्यली. आमेन कोणीच म्हणलं न्हाई. एरवी गोरा माणूस श्वासभर थांबतो अन् पेटी सुरू होते. आज न्हाई झाली. रेडिओ नुसता उघडा, खरखरसुद्धा बंद. बाबांनी पाणी पिलं, घसा साफ केला, आमेन म्हणले. लगेच पेटी वाजली.

मी हसून म्हणलं, बाबा, तुमच्यासाठी साऱ्या दुनियेला थांबवलं की. माय म्हणाली, लेक कोणाचा आहे?

१५ डिसेंबर

आज प्रार्थनेत डॉग आलं. हा शब्द मला पक्का ठाऊक, कँटीनवर मला तीच हाक होती. कोल्डही आलं. इथं थंडी आहे. माझ्या पायाशी निजायचा तो कुत्रा पाठवा. एवढं लागलं. बायबलातली काही गोष्ट असंल. मी सांगितलं, देव मुक्या जनावरालाही सांभाळतो म्हणतो. दोघांनी आमेन म्हटलं. मीही.

दुपारी वाघ्या मेला. शांतवनचा जुना कुत्रा, म्हातारा झाल्ता, ते ठीक. पण मेला तो भर उन्हात, ओट्यावर, अन् केस ओलेचिंब. हात लावला तर बर्फ. पुरेपर्यंत केस सुकले अन् त्यावर पांढरं काही राह्यलं. बाबा म्हणाले चुना असंल. मी बोट जिभेला लावलं. मीठ.

१८ डिसेंबर

जालन्याचे पाळकसाहेब सायकलवर येत होते, म्हणजे इथल्या ख्रिस्ती लोकांचे पुजारी म्हणा. मला ओढ्यापाशी गाठलं. घरी यायची त्यांची हिंमत होईना. म्हणाले, पाद्रीसाहेबांकडून कळलंय. पावसाळ्याच्या तोंडी बेटावर जाणारी होडी उलटली. शांतवन त्यात होता. हाती लागला न्हाई.

मी म्हणलं, अहो, आज सकाळी बायबल वाचलं की त्यानं! पाळकसाहेब म्हणाले, आवाज आधी भरून ठेवलेला असतो, तोच लावत असतील. तूच सांग त्यांना, तू घरातला झालास.

मी हो म्हणलं. सायकल दिसेनाशी झाल्यावर ध्यानात आलं. भरून ठेवलेला आवाज खोकला संपायची वाट बघतो का?

घरी गेलो. सांगणार होतो, बराबर सांगणार होतो. मायनं गरम भाकरी पुढं ठेवली. खाऊन घेतली.

२० डिसेंबर

आज शांतवननं बायबल वाचलंच न्हाई. गोऱ्या माणसानं नाव घेतलं अन् सरळ प्रार्थना. आवाज ओला. म्हणतो, हात उघडत न्हाईत. बोटं न्हाईत का आहेत कळत न्हाई. बाबाचे हात गरम असायचे. पाठवा.

मला एवढं पहिल्या दिवसापासून कधी कळलं नव्हतं.

बाबा माझ्या तोंडाकडं बघून राह्यले. काय म्हणतो रे? माझ्या तोंडून निघून गेलं, तुमच्या बागेची याद काढतो म्हणून. मी थांबा म्हणेपर्यंत दोघं आमेन म्हणले होते.

मी म्हणलो न्हाई. माझं एक नसल्यानं काय होणार.

त्याच दिवशी, दिवस मावळताना

बाबा वाफ्यात गुलाबाला माती लावत होते. खुरपं हातातच. हात कोपरापर्यंत ओले, निळे. बाकी अंग उन्हानं ऊन होतं.

२२ डिसेंबर

काल पाळकसाहेबांनी बाबांना माती दिली. ते गेल्यावर मी मायपुढं बसलो अन् सगळं ओकलो. अंबाडीची भाजी, होडी, वाघ्या, हात. वाटलं, मारंल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं बाबांचं खुरपं पदरानं पुसलं. मंग विचारलं, आता त्याचे हात गरम झाले असतील का रे?

मी म्हणलं, माय, तो तुझा लेक न्हाई. ती म्हणाली, तू मला लेकाचा आवाज शिकवणार का? तू आपला इंग्रजीपुरता राहा. अन् यापुढं शब्दाला शब्द सांग. न्हाई कळलं तर न्हाई कळलं म्हण. गोड करू नको.

रेडिओ फोडायला उचलला होता. ती म्हणाली, तो आत आहे. ठेव खाली. ठेवला.

२३ डिसेंबर, सकाळ

मायनं स्वतः तार जोडली. गाणं न्हाई, गोरा माणूस न्हाई. तोच.

आईला पाठवा. एवढंच. अन् थांबला.

काय म्हणला? मी म्हणलं, काही न्हाई, नुसती खरखर. तिनं डोळे मिटलेलेच ठेवले. म्हणाली, खरखर कशी असते ते मलाही कळतं. प्रार्थना केलीय त्यानं. काय मागितलं ते कळल्याबिगर मी अंगठा कसा देऊ? अन् दिल्याबिगर उठू कशी?

बसलीय. हात जोडून.

दुपार

पाणी नेलं. तोंड फिरवलं. काय मागितलं ते कळेपर्यंत पाणी नको म्हणाली. सांगितलं तर ती लगेच हो म्हणंल. न्हाई सांगितलं तर अशीच वाळून जाईल. म्हातारं माणूस किती तग धरतं?

तार काढून टाकली. बॅटरी उचलून वाफ्यात नेऊन ठेवली.

रेडिओ थांबलेलाच आहे. बंद न्हाई — थांबलेला. फरक कळतो.

संध्याकाळ

पिशवी उचलून निघालो होतो. गावं काय कमी आहेत. ओढ्यापर्यंत गेलो. आजवर कुठून निघताना मागं बघितलं न्हाई मी —

बघितलं. ओट्यावर तशीच. एवढीशी.

परत आलो.

२४ डिसेंबर

ओठ फुटलेत. चिंधी भिजवून लावली, थुंकून टाकली. डोळे मिटून विचारते, सांगतोस? मी म्हणतो, न्हाई. पुन्हा विचारते.

उद्या नाताळ. करंज्यांचं सारण भरून ठेवलंय तिनं, मुंग्या लागल्यात.

ओट्यावर पाणी आलंय. रेडिओखालून.

दुपारी

सांगितलं. न्हाई राहवलं. म्हणलं, माय, तो तुला मागतोय. पण तू न्हाई म्हण. एकदा न्हाई म्हणून बघ.

हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. पदर सारखा केला —

तेवढ्यात तो बोलला. इंग्रजी न्हाई. आपलं. इथलं. लहान पोराचा आवाज काढून — आई, तू ऱ्हा. तू न्हाई पायजेस. त्याला पाठव. माझं बोलणं जो फिरवतो त्याला. इथं मला बोलायला कोणीच —

अन् थांबला.

हे मला सांगावं लागलं न्हाई. तिनंच ऐकलं.

म्हणलं, माय. म्हणलं, मी तुझी भाकरी खाल्ली. तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, लई मायेनं बघितलं. माझा डावा हात हातात घेतला.

वाटलं, वाचलो.

हात सोडत न्हाई. ओढतोय, सुटत न्हाई. उजव्यानं लिहून राह्यलो, कोणाला तरी —

हात गार पडून राह्यला. तिचा न्हाई. माझा.

ती आमेनसाठी तोंड उघडते. घसा सुकलाय, आवाज निघत न्हाई. पाण्याचा तांब्या माझ्याच — मीच आणून ठेवला होता तिच्यापाशी — घेतला तिनं — पिऊन राह्यली —